अमळनेरच्या लाकडी घाण्याचं शेंगदाणा तेल: सात महिने डब्यांना वापरलं, आणि पामतेल का सोडलं तेही सांगते

धुळ्याला देवपुरात माझे जेवणाचे डबे आहेत, सध्या 24 चालू आहेत, जास्त करून कॉलेजची पोरं आणि थोडे नोकरीवाले. डबेवालीला तेल म्हणजे काय ते सांगायला नको, भाजी कधी महाग कधी स्वस्त पण तेल रोज लागतंच. नऊ वर्षं मी पामोलिनचे, म्हणजे पामतेलाचे, 15 किलोचे पत्र्याचे डबे आणायचे, फोडणीला थोडं सोयाबीन आणि तळणाला पूर्ण पाम. मागच्या दिवाळीनंतर ते बंद केलं आणि अमळनेरच्या एका लाकडी घाण्यावरून शेंगदाणा तेल आणायला लागले. आता सात महिने झाले, थंडी पण निघाली आणि उन्हाळा पण निघाला, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बऱ्याच जणींनी विचारलंय की एवढं महाग तेल डब्यांना परवडतं कसं, ते पण सांगते.

दुकानाचं नाव टाकत नाही कारण काकांनीच नको सांगितलं, त्यांच्याकडे एकच घाणा आहे आणि एकदम गर्दी झाली तर दाणा निवडायला वेळ मिळत नाही म्हणे. धुळे रोडनं अमळनेरात शिरलं की कोणालाही घाणा विचारा, सांगतील. पत्र्याचं शेड आहे, मध्ये लाकडाचा उखळ, त्यात मुसळासारखी लाकडाचीच लाट फिरते, आजोबांच्या वेळी बैल होता आता मोटर आहे पण फिरते हळूच. हळू फिरते म्हणून तेल तापत नाही. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसू शकता आणि दाणे टाकल्यापासून तेल बाहेर पडेपर्यंत बघू शकता, मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तीन तास बसले होते. काका दाणे आधी उन्हात टाकतात, खवट आणि बुरशीचा दाणा हातानं काढतात, घाण्यात टाकताना थोडासा पाण्याचा हबका मारतात आणि मग ढेप म्हणजे पेंड एका बाजूला आणि तेल एका बाजूला सुटायला लागतं. अडीच किलो दाण्याचं साधारण एक लिटर तेल निघतं. मी विचारलं काका एवढं कमी का, मोठ्या मिलमध्ये तर जास्त निघतं, तर म्हणाले, "दाना चांगला व्हई ते तेल चांगलं निंघस, बाकीनं ढेपमा राहू दे, ढोरं खातस."

त्याच्या आधी एकदा फसले होते ते पण सांगते. एका प्रदर्शनात घाण्याचं म्हणून पाच लिटर घेतलं, बाटलीवर बैलाचं चित्र बित्र सगळं होतं, आणि घरी आणून कढईत टाकलं तर वासच नाही. त्यानंतर ठरवलं की समोर काढलेलं असेल तरच घ्यायचं.

अमळनेरला तेल नवीन नाही बरं. आजच्या पोरांना विप्रो म्हटलं की कॉम्प्युटर आठवतो पण ती कंपनी 1945 साली अमळनेरलाच सुरू झाली आणि तेव्हा तिचं नाव वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स होतं, म्हणजे तेला-तुपाचीच कंपनी. आपल्या खान्देशात भुईमूग, तीळ, करडई, सरकी सगळं पिकतं, आणि तरी आपल्या घरातलं तेल हजारो किलोमीटरवरून जहाजात बसून येतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आता चव. भरीतावर बोलते आधी, कारण खान्देशातल्या माणसाला तेल कळतं ते भरीतात. डिसेंबरात आमच्या वावरात भरीत पार्टी होती, पऱ्हाटीच्या म्हणजे कापसाच्या काड्यांवर वांगी भाजली, मुसळानं ठेचली, आणि कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे या तेलात परतले. सासूबाई 78 वर्षांच्या आहेत, एक घास खाल्ला आणि म्हणाल्या की हा वास मी लग्न होऊन आले तेव्हाचा आहे. पाम किंवा रिफाइंडमध्ये भरीत होतं पण तेल वांग्याला धरून राहत नाही, वर तरंगतं आणि थंड झालं की टाळूला चिकटतं. शेवभाजीचं उलट आहे. तिथं तर्री वर आलीच पाहिजे, आणि या तेलात तर्री येते पण लाल झणझणीत दिसत नाही, जरा मातकट दिसते, कारण तेलाचाच रंग गडद आहे. डब्यातल्या दोन पोरांनी पहिल्या आठवड्यात विचारलं की मावशी मसाला बदलला का. आता कोणी विचारत नाही.

तळणाला मात्र सावध राहा. कच्चं तेल असल्यामुळे पहिल्या घाण्याला फेस येतो, कढई काठोकाठ भरली तर उतू जाईल, माझी एकदा गेली आणि गॅस बंद करून सगळं पुसत बसले. निम्मीच कढई भरा. दुसरं म्हणजे हे तेल तीन-चारदा तापवून वापरता येत नाही, काळं पडतं आणि वास येतो. तसं कुठलंच तेल परत परत वापरू नये पण पाममध्ये ते लक्षात येत नाही म्हणून आपण वापरत राहतो. म्हणून मी तळणच कमी केलं, आधी आठवड्यात चार दिवस भजी, पापड नाहीतर पुरी असायची, आता दोनच दिवस. थंडीत आमच्या धुळ्याला पारा किती खाली जातो माहितीच आहे, जानेवारीत पामचा उरलेला अर्धा डबा पार तुपासारखा पांढरा थिजला होता आणि त्याच ओट्यावर हे तेल नुसतं जाडसर झालं होतं.

आता खरं कारण. माझी मोठी पोरगी नाशिकला भूगोलात एमएस्सी करते. मागच्या वर्षी तिचा प्रोजेक्ट होता इंडोनेशियातल्या जमिनीचा, म्हणजे जंगल तोडून शेती केली की हवेत कार्बन किती जातो. दिवाळीला घरी आली तेव्हा मी चकल्या तळत होते आणि ती ओट्यावर बसून मला वाचून दाखवत होती, आणि मी ऐकत ऐकत मधेच डब्यावरची चिठ्ठी वाचली, पामोलिन, इम्पोर्टेड. तेव्हा ते डोक्यात बसलं ते बसलंच.

तिनं जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते. जगात सगळ्यात जास्त पामतेल इंडोनेशिया बनवतो, तो आणि मलेशिया मिळून जवळपास 85 टक्के. आणि सगळ्यात जास्त बाहेरून विकत घेतो आपला देश, वर्षाला 80-90 लाख टनांच्या आसपास. इंडोनेशियात पामच्या बागा 1 कोटी 60 लाख हेक्टरच्या आसपास आहेत, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त जमीन एकाच झाडाखाली. त्यातला बराच भाग आधी जंगल होता. जंगल तोडलं की झाडातला कार्बन जातो हे समजायला सोपं आहे. पण तिथं काही ठिकाणी झाडाच्या खाली जे आहे ते झाडापेक्षा मोठं आहे.

सुमात्रा, कालीमंतान आणि पापुआमध्ये पीटची जमीन आहे. तिथं हजारो वर्षं पाणी साचलेलं, झाडं पडली, पानं पडली, पण पाण्याखाली हवा नाही म्हणून ती पूर्ण कुजलीच नाहीत, थरावर थर बसत गेले, काही ठिकाणी दहा दहा मीटर. मी तिला म्हटलं हे तर मुरघासासारखं झालं. आमच्या भावाकडे गाईंसाठी मुरघास करतात, पिशवी घट्ट बंद असली तर चारा महिनोन् महिने टिकतो, आणि कुठं उंदरानं भोक पाडलं की तिथून हवा शिरते, चारा तापतो आणि काळा पडून वाया जातो. ती म्हणाली आई अगदी हेच. पाम लावायचा तर पाणी काढावं लागतं कारण त्या झाडाला मुळाशी तुंबलेलं पाणी चालत नाही, म्हणून कालवे खणतात, पाणी खाली जातं, हवा आत शिरते आणि हजारो वर्षांचा साठा कुजायला लागतो. आणि तो एकदाच कुजून थांबत नाही, बाग असेपर्यंत दरवर्षी चालू राहतो. जमीन पहिल्या काही वर्षांत भराभर खचते आणि नंतर वर्षाला साधारण 5 सेंटिमीटरनं खचत राहते. पीट साठायचा वेग वर्षाला जेमतेम एखाद मिलिमीटर, म्हणजे एका वर्षात पन्नास वर्षांची जमीन जाते.

आकडा असा आहे की पाणी काढलेल्या पीटवरच्या पामच्या एका हेक्टरमधून नुसत्या मातीतूनच वर्षाला साधारण 40 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, हवामानाच्या आंतरराष्ट्रीय समितीनं, आयपीसीसीनं, हिशोबाला हाच धरलाय. एका हेक्टरला तेल निघतं साडेतीन टनाच्या आसपास. मी कागदावर भागाकार केला, किलोमागं 11 किलो येतं. गाडीत एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे अशा जमिनीतलं एक किलो तेल कढईत ओतलं की साडेचार-पाच लिटर पेट्रोल जाळल्यासारखं. मी महिन्याला 30 लिटर वापरत होते. सगळं पामतेल पीटवरचं नसतं हे पण खरं आहे, बहुतेक साध्या मातीवरचंच असतं आणि त्याचा आकडा बराच कमी. पण माझ्या डब्यातलं कुठल्या मातीतलं हे मला कोणी सांगू शकत नव्हतं, दुकानदार नाही, चिठ्ठी नाही, कोणी नाही.

आगीचं ऐकून तर मला त्या रात्री झोप आली नाही. 1995-96 साली तिथं सुहार्तोच्या सरकारनं मध्य कालीमंतानमध्ये भात पिकवायचा म्हणून 10 लाख हेक्टर पीटचं जंगल हातात घेतलं, आपला जळगाव जिल्हा साधारण पावणेबारा लाख हेक्टर आहे त्यावरून अंदाज करा. 4 हजार किलोमीटरच्या वर कालवे खणले. भात आलाच नाही, ती जमीन भाताची नव्हतीच, दोन-तीन वर्षांत योजना सोडून दिली आणि कालवे तसेच वाहत राहिले. मग 1997 ला एल निनोचा दुष्काळ पडला आणि सुकलेली जमीन पेटली. त्या एका वर्षात इंडोनेशियाच्या पीट आणि जंगलातून 81 ते 257 कोटी टन कार्बन गेला असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे, सगळं जग वर्षभर कोळसा-पेट्रोल जाळून जेवढा कार्बन सोडत होतं त्याच्या 13 ते 40 टक्के. आणि 2015 ला परत. तेव्हा 26 लाख हेक्टर जळालं. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे एकत्र केले तर 25 लाख हेक्टर भरतात. म्हणजे शहरं, नद्या, सातपुड्याची आपली बाजू धरून सगळा खान्देश. त्या दिवसांत कित्येक दिवस असे गेले की एकट्या त्या आगीतून अमेरिकेच्या सगळ्या गाड्या-कारखान्यांपेक्षा जास्त कार्बन हवेत जात होता. आपल्याकडं बांधावरचं गवत पेटवलं तर वरचं जळतं, माती जागेवर राहते, पुढच्या पावसाला परत हिरवं. तिकडं मातीच जळते, जमिनीच्या आत आठवडेच्या आठवडे धुमसत राहते आणि वरून पाणी मारून विझत नाही, मोठा पाऊसच लागतो. लहान लेकरं त्या धुरात शाळेत जात होती हो.

त्यांच्या सरकारनं काहीच केलं नाही असं नाही. 2011 ला नवीन जंगल आणि पीटवर परवाने थांबवले, 2019 ला ती बंदी कायमची केली, 2016 ला पीट परत ओलं करायला वेगळी संस्था काढली, कालव्यांवर बांध घालतात म्हणजे पाणी परत वर येतं. आपल्या नाल्याला जसे बंधारे घालतो तसेच. 2016 नंतर तिथली तोड बरीच कमी झाली आहे. पण आधीच सुकवलेली जमीन अजून कुजतेच आहे, आणि आजही जमिनीचा वापर बदलल्यामुळे जगात जेवढा कार्बन जातो त्यातला निम्म्याहून जास्त ब्राझील, इंडोनेशिया आणि काँगो या तीन देशांतून जातो.

झाडं परत येतात, याच्यावर माझा विश्वास आहे, कारण आपल्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा डोळ्यासमोर आहे. गावानं तीस वर्षांवर जंगल राखलं, चैत्राम पवारांना 2025 ला पद्मश्री मिळाली. मी तिथल्या वनभाजी महोत्सवाला गेलेय, त्या जंगलात उभं राहिलं की कळतं तीस वर्षांत काय होऊ शकतं. पण पीटचं तसं नाही. मीटरभर पीट साठायला हजारभर वर्षं लागतात, तेवढं राखण करायला कोणतं गाव थांबणार.

एवढं ऐकून मी पोरीला म्हटलं बंदच करू पाम, तर तिनंच मला अडवलं. म्हणाली आई इतकं सोपं नाही, एका हेक्टरमध्ये पाम साडेतीन टन तेल देतो आणि आपला भुईमूग जेमतेम अर्धा-पाऊण टन, सगळ्या देशानं पाम सोडून शेंगदाणा धरला तर पाच ते सात पट जमीन लागेल आणि ती कुठून आणणार, परत कुठलं तरी जंगलच जाईल. आमचा यावर दोन दिवस वाद झाला. तिचं गणित बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण मी तिला एवढंच म्हटलं की माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, तुझ्या मामाचं वावर माझ्या पणजोबांपासून वावरच आहे, तिथं भुईमूग घेतला म्हणून एक झाड नवीन तुटत नाही, आणि मी तेल निम्म्यावर आणलं तर जमीन पण निम्मी लागेल. हे तिला पटलं. म्हणून माझ्यासाठी तेल बदलणं आणि तेल कमी करणं ही दोन कामं वेगळी नाहीतच. नुसतं तेल बदललं आणि चमचे तेवढेच राहिले तर मग पोरीचं म्हणणं खरं ठरतं.

जी बाई 100 रुपयांच्या शिध्याच्या पिशवीतल्या पामतेलात दिवाळी करत होती तिला मी एक शब्द बोलणार नाही. 2022 च्या दिवाळीला आनंदाचा शिधा आला त्यात रवा, डाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होतं, आमच्या गल्लीत कित्येक घरी त्यावरच फराळ झाला. स्वस्त तेल गरिबाला लागतंच. त्याच वर्षी एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियानं पामतेल बाहेर पाठवणं तीन-साडेतीन आठवडे बंद केलं होतं, आठवतं का, युक्रेनच्या लढाईमुळे सूर्यफूल आधीच महाग झालेलं आणि वरून हे. तेव्हा मला 15 किलोच्या डब्यासाठी चार दुकानं फिरावी लागली. आपली कढई कोणाच्या हातात आहे ते तेव्हाच कळायला पाहिजे होतं. आता आपल्या सरकारनं पण 2021 ला 11,040 कोटींची पामची योजना काढलीय, ईशान्येकडची राज्यं आणि अंदमानवर जास्त भर. पडीक शेतात लावा, पण तिथलं जंगल तोडून नको, एवढंच माझं मागणं आहे.

पैशाचं सांगते. काकांकडे तयार तेल मला 300 रुपये लिटर पडलं. आधी 30 लिटर पामला साधारण 3,900 जायचे, आता 18 लिटर लागतं, त्याचे 5,400. डब्याला महिन्याला 50 रुपये वाढवले, पोरांना कारण सांगितलं, दोघं सोडून गेले आणि त्यांच्या जागी दोन नवीन आले. 1,200 त्यातून निघतात आणि वरचे 300 मी सोसते. स्वतःचा दाणा नेला तर किलोमागं घाण्याची मजुरी द्यायची आणि ढेप घरी आणायची, तसं बरंच स्वस्त पडतं. ढेप भावाच्या गाईंना जाते.

तक्रारी पण लिहिते. एक, काका फोन उचलत नाहीत, मी दोनदा 35 किलोमीटर जाऊन बंद घाण्यावरून परत आले. दोन, घाईत दिलं तर तेल नीट बसलेलं नसतं, मार्चमधल्या कॅनच्या तळाशी बोटभर गाळ निघाला. तेल काढल्यावर दोन-तीन दिवस टाकीत बसू दिलेलंच मागा, आणि घरी आणून कापडातून गाळा. तीन, उन्हाळ्यात दोन महिन्यांवर ठेवू नका, मे महिन्यात माझा एक पाच लिटरचा कॅन खवट झाला कारण गच्चीच्या खोलीत ठेवला होता. ती चूक जागेची होती, तेलाची नाही, पण काकांनी सांगायला हवं होतं. प्लास्टिकपेक्षा स्टीलची बरणी चांगली.

तेलाला पाचपैकी पाच, दुकानाला चार.

जाणार असाल तर सकाळी नऊच्या आत जा, तेव्हा पहिली घाणी लागते आणि घाणा स्वच्छ असतो, रिकामे कॅन घरून न्या. भावाचा उन्हाळी भुईमूग आत्ताच निघालाय, 50 किलो दाणा फोडून वाळत टाकलाय, गुरुवारी घेऊन जाणार आहे, म्हणजे 20 लिटर होईल. यावेळी पोरगी पण येतेय सोबत, तिला त्या ढेपेत किती तेल शिल्लक राहतं ते मोजायचंय.